रमाबाई, वाँटेजच्या आजीबाई आणि 'दुसरं जू'

भीमाकाठ | सोमवार, रात्री १०:१५

धागा लांब होणार आहे, पण एका बैठकीत लिहून टाकते. नाहीतर पुन्हा राहून जाईल.

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या आश्रमात, वाढली. ती वाचायला शिकली ती रमाबाईंनी भाषांतर केलेल्या बायबलवर. आमच्या घरात पंडिता रमाबाई हे नाव इतकं सवयीचं, की त्या बाईंनी नेमकं काय म्हटलं आणि कोणाला म्हटलं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. त्यांची पत्रं मी वाचली ती या वर्षी, आणि त्याला कारण घडलं.

लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबल अभ्यास चालू होता. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १४, 'स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे'. मी विचारलं की त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं असं पौल म्हणतो. म्हणजे ती मंडळीत बोलत होती, हे त्याने धरूनच चाललंय ना? मग १४व्या अध्यायाचा अर्थ कसा लावायचा? उत्तर मिळालं ते अर्थाबद्दल नव्हतं. शंका हे सैतानाचं दार आहे, पाळक सांगतात ते नम्रपणे घ्यावं, असं उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी संडे स्कूलचा माझा वर्ग दुसऱ्या ताईंकडे गेला होता. नऊ वर्षं मी तो वर्ग घेत होते. मला कोणी काही बोललं नाही, फक्त फळ्याजवळच्या कागदावर नाव बदललेलं होतं.

घरी येऊन मी पत्रांचं ते जाड पुस्तक काढलं. ए. बी. शहा यांनी संपादित केलेलं, १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं. पत्रं इंग्रजीत आहेत. १८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणतात. मायना आजीबाईंचा आणि खाली सगळा वाद. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कसं मानू? बिशपचं ऐकलंच पाहिजे असं शास्त्रात कुठे आहे? अंडं घातलेलं पुडिंग मी खात नाही, तर तो जातीचा अहंकार कसा?

मे १८८५ च्या पत्रातला मजकूर माझ्या शब्दांत सांगते. त्या म्हणतात, हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मी आत्ताच मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतलीय. आता पुरोहित सांगेल ते सगळं परमेश्वराचीच आज्ञा म्हणून मानून तसल्याच दुसऱ्या जुवाखाली मी जाणार नाही. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणं वेगळं आणि पुरोहितांची आज्ञा पाळणं वेगळं. मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरूच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मला बांधत नाही.

हे लिहिताना त्या २७ वर्षांच्या होत्या. विधवा, परक्या देशात, ऐकायला कमी येऊ लागलेलं, आणि ज्यांना हे लिहीत होत्या त्यांच्याच आधारावर राहत होत्या.

मला तुमच्याकडून जाणून घ्यायचंय. ख्रिस्ताची आज्ञा कुठे संपते आणि मंडळीच्या अधिकाऱ्यांची कुठे सुरू होते? ती रेघ कोणी ओढायची?

---

नगरचा | सोमवार, रात्री ११:०२

ताई, वर्गाचं वाचून वाईट वाटलं. मी पाळकाचा मुलगा आहे, त्यामुळे दुसरी बाजूही घरात पाहिलीय. माझ्या वडिलांना दर महिन्याला कोणीतरी येऊन 'आत्म्याने मला असं सांगितलं' म्हणायचं. एकाला आत्म्याने मंडळीची जमीन भावाच्या नावावर करायला सांगितलं होतं. अधिकार नको म्हणणं सोपं, पण मंडळीत असेही लोक असतात आणि त्यांच्यासमोर कोणाला तरी उभं राहावं लागतं.

तरीही तुमच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून वर्ग काढून घेणं हा अधिकार नव्हे, ती भीती. वडील असते तर म्हणाले असते, प्रश्न चांगला आहे, मला आठवडा द्या.

---

वसईवाला | मंगळवार, सकाळी ७:४०

मी कॅथलिक, उत्तर वसईतला. थोडं उलट बोलतो, राग मानू नका.

'शास्त्र एवढंच पुरे, मधे कोणी नको' हे ऐकायला छान वाटतं. पण नव्या करारात २७ पुस्तकं आहेत, हे कोणी ठरवलं? शास्त्रात तशी यादी नाही. आज आपण मानतो तीच २७ पुस्तकं अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या इ.स. ३६७ च्या पास्काच्या (ईस्टरच्या) पत्रात सापडतात, आणि मंडळीने ती हळूहळू पक्की केली. ज्या पुस्तकाच्या जोरावर रमाबाई बिशपशी वाद घालत होत्या, ते पुस्तक त्यांच्या हातात आलं ते बिशपांच्याच परंपरेतून. त्रैक्याचं तेच. एका माणसाने रात्रीत बसून काढलेला तो सिद्धांत नाही. पिढ्यान् पिढ्या लोक त्यावर झगडले, प्रार्थना केल्या, तुरुंगात आणि हद्दपारीत गेले. अथानासियसलाच पाच वेळा हद्दपार केलं होतं.

बाप्तिस्मा, म्हणजे आमच्याकडे आम्ही स्नानसंस्कार म्हणतो तो, घेऊन दोन वर्षं झालेल्या माणसाने 'मला पटत नाही' म्हणावं आणि सिस्टर जेराल्डीननी काळजी करू नये? त्या धर्ममाता होत्या. काळजी करणं हेच त्यांचं काम होतं.

---

भीमाकाठ | मंगळवार, सकाळी ९:१०

@वसईवाला, राग नाही. आजीबाईंबद्दल मला कडवटपणा नाही. ही पत्रं आज वाचायला मिळतात ती त्यांनीच जपून, जुळवून ठेवली म्हणून. ज्यांत आपलं चित्र फारसं चांगलं उतरत नाही अशी पत्रंही त्यांनी फाडली नाहीत.

पण रमाबाई 'मधे कोणी नको' म्हणत नव्हत्या. त्या विचारत होत्या, समजून सांगा. समजल्याशिवाय 'मानते' म्हणणं त्यांना खोटं बोलणं वाटत होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याला हो म्हटलं त्यापलीकडच्या गोष्टींना हो म्हणायला लावू नका, एवढंच. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी फिरून, पुराणं सांगून, दुष्काळात आईबाप भुकेने गेलेले पाहून ही बाई आलेली. 'सगळे मानतात म्हणून मान' हे त्यांना आधीच एकदा सांगून झालं होतं.

---

परदेशी_चिमणी | मंगळवार, दुपारी ३:२५

मी ऑक्सफर्डजवळ राहते, वाँटेज इथून फार लांब नाही. तो मठ १८४८ मध्ये तिथले व्हिकर (धर्मगुरू) विल्यम बटलर यांनी काढला. अँग्लिकन मंडळी असली तरी हे लोक ऑक्सफर्ड चळवळीतले. म्हणजे प्रेषितांपासून बिशपांपर्यंत अखंड चालत आलेला अधिकार, मठाचं व्रत, आज्ञाधारकपणा यांवर सगळा भर. रमाबाई दुसऱ्या एखाद्या चॅपलमध्ये उतरल्या असत्या तर अर्धी भांडणं झालीच नसती.

आणखी एक गोष्ट पत्रांत येते ती कोणी काढली नाही अजून. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे त्या शिकत होत्या, तेव्हा त्यांनी तरुण पुरुषांना शिकवायचा विषय निघाला. बिशपांनी, लाहोरच्या आणि मुंबईच्या, हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल म्हणे. रमाबाईंचं उत्तर असं की माझ्या वडिलांना आईने तरुणांना शिकवलेलं चाललं, माझ्या नवऱ्यालाही मी शिकवलेलं चाललं, आणि आता इंग्रज लोक अडवतायत? अनंतशास्त्री डोंगरे कर्मठ ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेपुढे जाब द्यावा लागलेला माणूस. त्यांनी जे दिलं ते बिशप काढून घेत होते.

@भीमाकाठ, तुमच्या वर्गाचं वाचलं तेव्हा मला हेच आठवलं.

---

शब्दवेडा | मंगळवार, रात्री ९:५०

मी ख्रिस्ती नाही, भाषेच्या वाटेने या पत्रांकडे आलो. मला त्या क्रुसाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

सिस्टरांकडून मिळालेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी लिहिलं, लिहायचंच असेल तर संस्कृतात लिहा. संस्कृत पवित्र आहे, देवांची भाषा आहे म्हणून नव्हे. ती माझ्या देशातली सगळ्यांत जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. आणि लॅटिन मलाही कळत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही नाही. म्हणजे धर्म बदलल्यावर भाषा आणि देशही बदलायचा हा हिशेब त्यांना नामंजूर होता. मनोरमेबद्दलही तेच, पोरीला आपण हिंदुस्थानची मुलगी आहोत याची लाज वाटता कामा नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. आयुष्याच्या शेवटच्या सतरा-अठरा वर्षांत त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. हिब्रू आणि ग्रीक त्यासाठी शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून. आणि इथे त्यांनी संस्कृत बाजूला ठेवली! प्रचलित भाषांतराची मराठी पंडिती आहे, दुष्काळातून आलेल्या खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, म्हणून साधी बोली घेतली. हिंदू पूजाविधींचा वास असलेले शब्दही टाळले. ज्या बाईला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतासाठी दिल्या, तिने हे करावं.

मला यात विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा प्रश्न तोच होता, वाचणाऱ्या बाईला कळेल का? १८८५ च्या सुमाराला लॅटिन अडवत होती, १९०५ ला पंडिती मराठी. शास्त्राचा अर्थ लावायचा हक्क हवा तर आधी शास्त्र कळलं पाहिजे. नाहीतर अर्थ सांगणारा कोणीतरी मधे लागतोच, आणि मग तो मधेच राहतो.

एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, काम हातावेगळं करून. पुस्तक १९२४ साली बाहेर आलं.

---

वसईवाला | बुधवार, सकाळी ८:०५

@शब्दवेडा, हा प्रतिसाद दोनदा वाचला. लॅटिनचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. माझ्या आजीने अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, ऐकली. तिकडे वेदीवर फादर पाठमोरे उभे राहून लॅटिनमध्ये म्हणत, इकडे आजी गुडघ्यावर बसून आपल्या बोलीत रोजरी म्हणे. दोघांचं एकमेकांना काही कळत नसे. लोकांच्या भाषेत मिस्सा करायला वाट मोकळी झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजाने. त्यानंतर आमच्याकडे मराठी आली. पहिल्या मराठी मिस्सेला आजी रडली होती असं आई सांगते.

तेव्हा मान्य करतो, रमाबाई जे मागत होत्या ते मागणं चूक नव्हतं. आमच्या मंडळीला तिथे पोचायला आणखी जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. पण हेही पाहा की वाट मोकळी केली ती परिषदेनेच, म्हणजे अधिकारानेच. एकट्यादुकट्याने आपापल्या घरी भाषांतर करून ते झालं नसतं, निदान सगळ्या जगात एकदम झालं नसतं.

---

सदाशिव_पेठ | बुधवार, सकाळी ११:३०

आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर हा फक्त चर्चचा प्रश्न वाटेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली, चहा-बिस्किटं आली, कोणी घेतली, कोणी नुसती शिवली. त्यावर ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांसारख्या माणसाने घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतलं.

त्याच पुण्यात त्याच सुमारास रमाबाईंचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, चालू होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करतात आणि मुली तिथे जाऊन बसतात, यावरून गदारोळ झाला. 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. वाँटेजला त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, पुण्यात जास्तच ख्रिस्ती झाल्या. दोन्हीकडे तक्रार एकच, बाई विचारून करत नाही.

---

नगरचा | बुधवार, रात्री १०:२०

आमच्या नगरचं उदाहरण न देता कसं चालेल? रेव्हरंड टिळक. नारायण वामन. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो एकट्याने. लक्ष्मीबाईंनी घेतला पाच वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर. नवऱ्याच्या मागून नाही. माझ्या मते या धाग्यातलं उत्तर अर्धं तिथेच आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही बाईने आपला वेळ घेतला.

आणि टिळकांनी १९१७ मध्ये काय केलं? अमेरिकन मराठी मिशनचं वेतनी काम सोडलं, संन्यास जाहीर केला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. येशूला गुरू मानणारा आला की पुरे, मिशनच्या वहीत त्याचं नाव आहे का हे विचारायचं नाही. किती धाडस! पण ९ मे १९१९ ला ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. एका माणसाच्या प्रेमावर उभी राहिलेली मंडळी तो गेल्यावर कशावर उभी राहणार? म्हणून मी मंडळीची घडी, पंच, हिशेब, नियम या गोष्टींना तुच्छ मानत नाही. माझे वडील त्यातच झिजले.

@भीमाकाठ, एक अवघड प्रश्न विचारू? रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिलंय की त्या आठेक वर्षं ख्रिस्ती धर्म धरून होत्या, पण ख्रिस्त सापडला तो नंतर, १८९१ च्या सुमाराला. मग वाँटेजला ज्या गोष्टी नाकारल्या त्यांतल्या बऱ्याच पुढे त्यांनी मानल्या. तेव्हा सिस्टर जेराल्डीन बरोबर होत्या असं म्हणायचं का?

---

भीमाकाठ | गुरुवार, रात्री ९:००

@नगरचा, हा प्रश्न दोन दिवस मलाही टोचत होता.

मी असं म्हणेन. त्या पुढे श्रद्धेत खोल गेल्या, पण आज्ञा झाली म्हणून नाही. १८८५ मध्ये दडपणाखाली त्यांनी 'मानते' म्हटलं असतं, तर १८९१ ला जे सापडलं ते सापडायला जागाच उरली नसती. आधीच सापडल्याचं सोंग करून बसाव्या लागल्या असत्या. आणि श्रद्धा पालटली तरी त्या कुठल्या बिशपच्या हाताखाली गेल्या नाहीत. मुक्ती कुठल्याच एका पंथाची झाली नाही.

पण तुम्ही विचारलंत म्हणून दुसरी बाजूही सांगते, आजीकडून ऐकलेली. मुक्तीत शिस्त कडक होती. घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की काम. शेकडो मुली, त्यातल्या कितीतरी १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळातून आणलेल्या. तिथे एखाद्या मुलीने 'मला त्रैक्य पटत नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? आजीला मी हे विचारलं होतं. ती म्हणाली, आम्हाला तेव्हा भूक आणि पाढे यांच्यापलीकडे सुचतच नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण वाचायला शिकवलं ना. ते शिकवलं नसतं तर तू आज हे विचारलं नसतंस.

१९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक जागृतीची लाट आली, मुली रडत, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करत. काही मिशनरींना ते अजिबात आवडलं नाही. रमाबाईंनी ते बंद पाडलं नाही. हिंदी माणसांना आपल्या रीतीने देवाजवळ येऊ द्या, आमच्यावर पाश्चात्त्य रीत लादू नका, असा त्यांचा रोख होता. म्हणजे जो हक्क वाँटेजला स्वतःसाठी मागितला तो निदान या एका बाबतीत त्यांनी मुलींनाही दिला. सगळ्या बाबतींत दिला असं मी म्हणणार नाही.

@वसईवाला, यादी मंडळीने ठरवली हे मला मान्य आहे. ते ऋणही मान्य आहे. पण ज्याने पुस्तक दिलं त्याने ते वाचण्यावर कायमचा पहारा बसवावा, हे त्यातून निघत नाही. आईने चालायला शिकवलं म्हणून आयुष्यभर बोट धरून चालायचं नसतं.

---

परदेशी_चिमणी | गुरुवार, रात्री ११:४५

इंग्लंडच्या मंडळीच्या पंचांगात ३० एप्रिलला 'पंडिता मेरी रमाबाई, शास्त्राच्या भाषांतरकर्त्या' अशी नोंद आहे. त्या दिवशी त्यांची आठवण करतात. ज्या मंडळीच्या बिशपांचं त्यांनी ऐकलं नाही, तिच्याच उपासनेत. मी गेल्या वर्षी हजर होते. आम्ही सहा जण होतो. मला मराठीतून वाचायला सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच त्या देवळात मराठी बोलले.

---

वसईवाला | शुक्रवार, सकाळी ७:१५

@भीमाकाठ, पहाऱ्याचं वाक्य डोक्यात राहिलं. त्रैक्याबद्दल मी मागे येणार नाही. ते नुसतं मत नाही, आम्ही कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढताना रोज तेच म्हणतो. पण ते कळायला एखाद्याला सहा वर्षं लागली तर त्याला तेवढा काळ दाराबाहेर उभं करू नये, हे मला या धाग्यामुळे नीट दिसलं. आमच्या धर्मग्रामातही (पॅरिशमध्येही) दोन तरुण असेच गप्प झालेत. त्यांना भेटायला जाणार आहे. शिकवायला नाही, ऐकायला.

वर्गाचं काय झालं?

---

भीमाकाठ | रविवार, दुपारी १:३०

आत्ताच उपासनेहून आले. वर्ग अजून त्या ताईंकडेच आहे. त्या चांगल्या शिकवतात, त्यांच्यावर माझा राग नाही.

पाळकांना मी पत्र लिहून दिलं, मराठीत, दीड पान. ११वा आणि १४वा अध्याय, रोमकरांच्या १६व्या अध्यायातली फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, हे सगळं त्यात आहे. रमाबाईंचं नाव मुद्दामच घातलं नाही. वाद माझा आहे, तो मीच घालायला हवा. शेवटी लिहिलं की मी मंडळी सोडत नाही, आणि प्रश्नही मागे घेत नाही. त्यांनी पत्र घेतलं, घडी करून बायबलात ठेवलं, म्हणाले वाचतो.

@नगरचा, तुमच्या वडिलांचा आठवडा मी त्यांना दिलाय.